दोन वर्षांत दुभाषी

राजस्थानातल्या एका खुनाच्या खटल्यात प्रत्यक्ष पाहणारी साक्षीदार कर्णबधिर होती. तिच्या खुणांचा अर्थ कोर्टाला सांगायला उभे राहिले तिचेच वडील, जे त्या खटल्यात स्वतः गुंतलेले होते. उच्च न्यायालयात आरोपी सुटला आणि २०१२ मध्ये ‘राजस्थान राज्य विरुद्ध दर्शन सिंग’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली. दुभाषी कसा असावा, हेही न्यायालयाने त्या निकालात सांगितलं. तो साक्षीदाराच्या परिसरातला असावा, पण खटल्यात त्याचा हितसंबंध नसावा. त्याला शपथ दिलेली असावी. आणि नोंदीत नुसता अर्थ न राहता साक्षीदाराने केलेल्या खुणाही याव्यात. नियम चोख आहेत. पण परिसरातला, तटस्थ आणि ती भाषा नीट जाणणारा माणूस तालुक्याच्या कोर्टाला कुठून मिळणार, याचं उत्तर निकालात असण्याचं कारण नव्हतं. ते प्रशिक्षणाच्या व्यवस्थेने द्यायचं होतं.

त्यानंतर कायदा झपाट्याने पुढे गेला. फौजदारी कायद्यातल्या २०१३ च्या दुरुस्तीने दंडाधिकाऱ्यापुढे जबाब देणाऱ्या अपंग पीडितेसाठी दुभाषी किंवा विशेष शिक्षक बोलावणं आणि जबाबाचं चित्रीकरण करणं आवश्यक झालं. पुराव्याच्या कायद्यातही तशीच तरतूद आली आणि आताच्या नव्या संहितांमध्येही ती आहे. पॉक्सो कायदा बालकाच्या साक्षीसाठी दुभाष्याची मदत घ्यायला सांगतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांकेतिक भाषेला संवादाच्या साधनांत धरतो, आणि टीव्हीवरच्या बातम्यांत दुभाषी दिसावा यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१९ मध्ये मानकं काढली. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या ज्या करारावर हे सगळं उभं आहे, त्याला भारताने २००७ मध्येच मान्यता दिली होती. म्हणजे मागणी कायद्यानेच निर्माण केली. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या पन्नास लाखांच्या वर होती. प्रमाणित दुभाष्यांचा जो आकडा बातम्यांत गेली काही वर्षं फिरतो आहे, तो अडीचशे-तीनशेचा. तो दुप्पट धरा, चौपट धरा, हिशेब जुळत नाही.

तरीही तुटवडा हा मला दुसरा प्रश्न वाटतो. जे थोडे दुभाषी तयार होतात ते कोणाकडून आणि कशात तयार होतात, हा पहिला. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मिलानमध्ये १८८० साली भरलेल्या कर्णबधिर शिक्षणाच्या परिषदेने शाळांतून खुणा हद्दपार कराव्यात असा ठराव केला. त्याच दशकात मुंबईत बिशप म्यूरिन यांच्या पुढाकाराने कर्णबधिर मुलांची शाळा निघाली, देशातल्या पहिल्या शाळांपैकी एक. आपल्याकडची कर्णबधिर शिक्षणाची सगळी घडण मिलानच्या सावलीतली आहे. ओठ वाचायला शिकवा, बोलायला शिकवा, हात खाली. महाराष्ट्रात पुढे गावोगावी ‘मूकबधिर विद्यालयं’ निघाली आणि त्यांत जीव ओतून शिकवणारे शिक्षकही होते, पण भाषा जगली ती मधल्या सुट्टीत, वसतिगृहात आणि शाळेबाहेरच्या कट्ट्यावर. जी भाषा शाळेच्याच लेखी भाषा नाही, तिचे दुभाषी तयार करण्याचा विचार कोण करणार? परिषदेला आपल्या ठरावाबद्दल अधिकृतपणे खेद वाटला तो २०१० मध्ये, व्हँकुव्हरला. एकशेतीस वर्षांनी.

या काळात दुभाष्याचं काम घरातली मुलं करत होती. आईवडील कर्णबधिर आणि मूल ऐकणारं असेल तर सहा-सात वर्षांचं पोर बँकेत, रेशनच्या दुकानात, दवाखान्यात दोन्ही बाजू सांभाळतं. या मुलांना जगभर ‘कोडा’ म्हणतात. संजय लीला भन्साळींच्या ‘खामोशी’तली गोव्याची ॲनी अशीच होती, प्रेक्षकांना तिचं गाणं लक्षात राहिलं, तिची ही नोकरी कोणी फारशी लक्षात घेतली नाही. आजही देशातल्या उत्तम दुभाष्यांत अशा घरांतले पुष्कळ आहेत. त्यांची भाषा कसदार असते, कारण ती दुधाबरोबर आलेली असते. पण आईला कर्करोग आहे हे आईलाच सांगण्याची वेळ बाराव्या वर्षी आलेल्या मुलाला तटस्थता, गुप्तता, कुठे थांबायचं, यांतलं काही कोणी शिकवलेलं नसतं. भाषा येणं आणि दुभाषी असणं यांतलं अंतर इथे दिसतं. नात्यातल्या माणसाला अवघड गोष्ट गाळावीशी वाटते, आणि त्यात त्याचा दोष नाही.

भारतीय सांकेतिक भाषा ही व्याकरण असलेली स्वतंत्र भाषा आहे, हे इथल्या कर्णबधिरांना ठाऊकच होतं. अभ्यासकांनी ते मांडायला विसाव्या शतकाची शेवटची पंचवीस वर्षं घेतली. मदन वसिष्ठ, स्वतः कर्णबधिर आणि पुढे अमेरिकेतल्या गॅलोडेट विद्यापीठात शिकवणारे, यांनी जेम्स वुडवर्ड यांच्याबरोबर सत्तरच्या दशकात दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बेंगळुरूच्या खुणांची तुलना केली. पुढे उलरिके त्सेशान या जर्मन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी कराची आणि दिल्लीतल्या वापरावरून व्याकरण लिहिलं. शब्द शहरागणिक बदलतात, पण वाक्याची घडण मोठ्या प्रमाणात एकच. याच अभ्यासातून मुंबईत काहीतरी उभं राहिलं. वांद्रे रेक्लेमेशनच्या अली यावर जंग संस्थेत २००१ मध्ये सांकेतिक भाषेचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने वर जाणारे भाषेचे अभ्यासक्रम आले. आज भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली दुभाष्याची जी पदविका आहे, तिची मुळं या वर्गांत आहेत. नवी दिल्लीत केंद्र सरकारचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आधी इग्नूच्या छत्राखाली आलं, ते मोडलं, आणि २०१५ मध्ये पुन्हा स्वतंत्रपणे स्थापन झालं. शब्दकोश मात्र नेटाने पुढे सरकला. २०१८ मध्ये तीन हजार शब्द होते, पुढच्या वर्षी सहा हजार झाले, आणि २०२१ मध्ये दहा हजार.

शब्दकोशाच्या आकड्यांचं कौतुक होतं आणि ते व्हायलाही हवं. पण दुभाष्याचं काम शब्दांनी होत नाही, आणि पदविकेचा खरा पेच इथेच आहे. बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी, बहुतेकदा एकही खूण न येणारी, दोन वर्षांसाठी दाखल होते. या दोन वर्षांत तिने भाषा शिकायची, कर्णबधिर समाज समजून घ्यायचा, भाषांतराचा सिद्धांत, आचारसंहिता, प्रात्यक्षिक आणि शेवटी प्रत्यक्ष कामाचा अनुभव. फ्रेंच शून्यापासून शिकवून दोन वर्षांत न्यायालयाचा फ्रेंच दुभाषी तयार करतो असं कोणी म्हणालं तर आपण हसू. खुणांच्या बाबतीत आपल्याला तसं हसू येत नाही, कारण मनात कुठेतरी आपण तिला अजून हातवारेच समजतो.

वर्गात हे उघड दिसतं. कर्णबधिर शिक्षक घाटातल्या अपघाताची हकिगत सांगतो. डावा पंजा आडवा, म्हणजे बस. उजव्या हाताची दोन बोटं त्यामागून येतात, ती मोटरसायकल. बस वळणावर बाहेर जाते, मोटरसायकल आतल्या बाजूने पुढे घुसते, बसचा हात अचानक थांबतो, बोटं मागच्या कोपऱ्यावर आदळून वर उसळतात. शिक्षकाचे गाल फुगलेत, डोळे मिटलेत. चार सेकंदांचा मामला. त्याचं मराठी करणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हणतो, ‘‘अपघात झाला.’’ वाहन कोणतं, कुठल्या बाजूने आलं, कोण थांबलं, धक्का कुठे बसला, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं आणि तोंडातून एकही गोष्ट आली नाही. मराठीतून खुणांत जाणं शिकाऊंना तुलनेने लवकर जमतं. खुणांतून मराठीत येणं, ज्याला ते ‘व्हॉइस करणं’ म्हणतात, तिथे बहुतेकांची दांडी उडते. आणि कोर्टात, मुलाखतीत, डॉक्टरसमोर कर्णबधिर माणसाची किंमत ठरते ती याच दिशेच्या कामावरून. दुभाषी अडखळला की ऐकणाऱ्यांना वाटतं, समोरचाच गोंधळलेला आहे.

उलट दिशेच्याही गमती आहेत. डॉक्टर विचारतात, ‘‘पोट साफ होतं का?’’ शब्दाला खूण लावणारा पोट दाखवतो, मग पुसण्याची खूण करतो, आणि रुग्ण गोंधळून स्वतःच्या सदऱ्याकडे बघतो. ‘‘दोन दिवसांत ताप उतरला नाही तर परत या’’ हे वाक्य घ्या. खुणांत काळ आधी येतो, दोन दिवस. मग ताप, उतरणे, आणि नकार शेवटी, मान हलवत. ‘जर’साठी वेगळ्या शब्दाची गरज पडत नाही, वर गेलेल्या भुवया आणि किंचितसा थांबा ते काम करतात. शेवटचं ‘येणे’ डॉक्टरला अवकाशात जिथे बसवलं होतं त्या जागेकडे वळतं. भुवया विसरल्या तर सल्ल्याची बातमी होते: ताप उतरला नाही, परत या. चेहऱ्यावर व्याकरण असतं हे विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात सांगितलं जातं. ते अंगात मुरायला वर्षं जातात, कारण चारचौघांत चेहरा हलवायची आपल्याला लहानपणापासून लाज शिकवलेली असते.

कोर्टातली अडचण याहून गहन आहे. ‘‘त्याने तुला मारलं का?’’ हा प्रश्न मराठीत मोघम राहू शकतो. खुणांत ‘मारणे’ दाखवायचं तर हाताला काहीतरी आकार द्यावा लागतो, चापट, ठोसा, काठी, सुरी. दुभाष्याने आकार निवडला की साक्षीदाराला उत्तर सुचवलं गेलं. बचाव पक्षाचा वकील ते पकडू शकतो, आणि पकडलं तर तो चुकत नाही. बलात्काराच्या प्रकरणात नेमकं उलटं होतं. मुलगी खुणांनी कुठे, कसा, कोणत्या हाताने हे अचूक दाखवते. मराठीत मात्र यासाठी ‘अंगावर हात टाकला’, ‘वाईट वागला’ अशी झाकपाक करणारी वाक्यं तयार असतात, आणि संकोचलेला दुभाषी त्यांतलंच एक उचलतो. गुन्ह्याचं कलम त्या एका वाक्यावर ठरू शकतं. कायद्यातल्या दुभाषेपणासाठी वेगळं, नंतरचं प्रशिक्षण असावं हा आग्रह जगभर धरला जातो तो यामुळे. आपल्याकडे पदविका घेऊन बाहेर पडलेली मुलगी पहिल्या महिन्यात पोलीस ठाण्यात उभी राहू शकते, आणि ती नाही गेली तर शाळेचे शिक्षक किंवा शेजारी जातात. तिने नकार द्यावा की जावं, हा प्रश्न कोणत्याही आचारसंहितेने सुटण्यासारखा नाही.

दुभाष्याच्या डोक्यात काम कसं चालतं, यावर अमेरिकेत डेनिस कोकली यांचा १९८६ चा एक अभ्यास आहे. वक्त्याच्या मागे दोन सेकंदांवर राहणाऱ्या दुभाष्यांच्या चुका चार सेकंद मागे राहणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाल्या. घाईने शब्द पकडला जातो, अर्थ निसटतो. शिकाऊ नेमका उलटा वागतो. मागे पडण्याची भीती त्याला वक्त्याला चिकटून ठेवते. थांबायचं, ऐकून घ्यायचं, वाक्य पुरं होऊ द्यायचं, हे शिकवायला अनुभवी दुभाषी शेजारी बसावा लागतो. लांब कार्यक्रमात दोघांनी वीस-वीस मिनिटांनी पाळी बदलायची असते, ती नुसत्या हातांच्या विश्रांतीसाठी नाही. डोकं आधी थकतं. आपल्याकडच्या सभांत एकाच माणसाला तीन तास उभं करतात आणि शेवटी शाल-श्रीफळ देतात.

बाहेर काय चालतं ते थोडक्यात. फिनलंडमध्ये दुभाष्याचं शिक्षण चार वर्षांच्या पदवीचं आहे. अमेरिकेत दुभाष्यांची नोंदणी संस्था १९६४ मध्ये स्थापन झाली, आणि ऐकणाऱ्या उमेदवाराला तिच्या राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी २०१२ पासून पदवी लागते. श्रीमंत देशांचे निकष उचलून आणा असं मी म्हणत नाही. मात्र वर्षांच्या संख्येपेक्षा त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. भाषा आधी, दुभाषेपण नंतर, विशेष क्षेत्र त्याच्याही नंतर. आपल्याकडे या तिन्हींची एकच खिचडी आहे.

भाषा आधी म्हणजे कुठे? इथे मुंबईकडे पुरावा आहे. ॲनेलिस कुस्टर्स या बेल्जियन, स्वतः कर्णबधिर असलेल्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी मुंबईच्या लोकलमधल्या अपंगांच्या डब्याचा अभ्यास केला. कर्णबधिर लोक एकमेकांना भेटता यावं म्हणून गाडी सोडतात, फलाटावर थांबतात, ठरलेल्या डब्यात चढतात. बातम्या, थट्टा, लग्नाची स्थळं, नोकरीच्या वाटा, सगळं तिथे फिरतं. दुभाषी होऊ पाहणाऱ्याला हवी ती भाषा इथे आहे: वेगवान, अर्धवट, टोमणे मारणारी, डोंबिवलीची वेगळी आणि वसईची वेगळी. वर्गात कॅमेऱ्यासमोर सावकाश केलेल्या खुणांवर वाढलेला विद्यार्थी इथे पहिल्या मिनिटाला बुडतो. कर्णबधिरांच्या क्लबात, क्रीडास्पर्धांत, जिल्हा संघटनेच्या बैठकीत ठरावीक तास घालवणं अभ्यासक्रमात असावं आणि त्याची नोंद शिक्षकाने नाही, त्या संघटनेने द्यावी, असं मला वाटतं. मराठी मुलांना याचा आणखी एक फायदा आहे. प्रशिक्षणाचं साहित्य मुख्यतः हिंदी-इंग्रजीत, पण जिंतूरच्या कोर्टातली भाषा मराठी. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जमणारे कर्णबधिर कोणत्या खुणा करतात, हे दिल्लीच्या कोशातून कळत नाही.

त्याहून अवघड माणसं खेड्यात असतात. शाळेत कधी न गेलेली, दुसरा कर्णबधिर कधी न भेटलेली, घरातल्यांशी स्वतः बनवलेल्या खुणांनी बोलणारी. ऐकणारा दुभाषी, कितीही चांगला असला, इथे कमी पडतो. अशा वेळी कर्णबधिर दुभाषी मध्ये घेतात. तो त्या व्यक्तीच्या खुणांतून, अभिनयातून, चित्रांतून अर्थ काढतो आणि नेहमीच्या सांकेतिक भाषेत मांडतो, तिथून ऐकणारा दुभाषी मराठीत आणतो. कोर्टाला ही साखळी लांबलचक वाटते. पण पाकिस्तानातून २०१५ मध्ये परतलेल्या कर्णबधिर गीताचं घर शोधताना जे चाललं, ते याच जातीचं काम होतं. स्टेशन, नदी, देऊळ, शेतातलं पीक, अशा तिने दाखवलेल्या खुणांवरून नकाशे काढत शोध मराठवाड्यापर्यंत आला. त्याला वर्षं लागली. कर्णबधिर दुभाषी ही स्वतंत्र पात्रता म्हणून आपल्याकडे आता कुठे मान्य होऊ लागली आहे. कर्णबधिर व्यक्तींनाच सांकेतिक भाषेचे शिक्षक करणारी वेगळी पदविका आहे, ही त्यातली चांगली गोष्ट. दुभाष्यांच्या वर्गात मुख्य शिक्षक तेच असतील आणि परीक्षेत गुण देण्याचा अधिकार त्यांच्याकडे असेल, तर अर्धा प्रश्न सुटेल.

२२ सप्टेंबर २०२३ रोजी सारा सनी या कर्णबधिर वकील सर्वोच्च न्यायालयात दूरदृश्य सुनावणीत उभ्या राहिल्या. सुरुवातीला त्यांच्या दुभाष्याला पडद्यावर जागाच मिळत नव्हती. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी ती दिली, आणि पुढच्या महिन्यात न्यायालयाने स्वतःतर्फे दुभाषी नेमला. त्या कामाचे व्हिडिओ खूप फिरले. कायद्याची इंग्रजी त्या वेगाने खुणांत नेणारा माणूस बघून पुष्कळ तरुणांनी या वाटेची चौकशी केली असणार. त्यांना पुढे काय दिसतं? कायम पदं मोजकी. शाळा-महाविद्यालयांत कंत्राट, बाकी तासावर किंवा दिवसावर काम, आणि ‘समाजसेवा आहे, मानधन समजून घ्या’ हे वाक्य. चांगले दुभाषी टीव्ही, कंपन्या आणि परदेशी संस्थांच्या ऑनलाइन कामाकडे वळतात. त्यांना दोष देता येत नाही. शाळेतला दुभाषी तर विचित्र जागी असतो. नव्वद टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी येतात. पहिलीत बसलेल्या मुलाकडे अजून कुठलीच भाषा नसते, आणि दुभाष्याने शिक्षकाचं बोलणं कोणत्या भाषेत न्यावं? तिथे दुभाषी आधी नेमला तर तो बिचारा शिक्षकच होऊन बसतो, पगार मात्र दुभाष्याचा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने सांकेतिक भाषा विषय म्हणून दिली आहे. ऐकणाऱ्या मुलांनी तो घेतला तर पदविकेला येणारे विद्यार्थी शून्यापासून सुरू करणार नाहीत. महाराष्ट्रातल्या शाळांनी या शक्यतेकडे गंभीरपणे पाहावं.

जिल्हा पातळीवर एक काम लगेच होण्यासारखं आहे. दुभाष्यांची यादी ठेवताना नाव आणि मोबाइल नंबर यांच्याबरोबर कोणत्या क्षेत्रात काम केलं, मराठीत व्हॉइस करता येतं का, पात्रता कुठून घेतली आणि तिथल्या कर्णबधिर संघटनेचं मत काय, हेही लिहावं. पोलीस निरीक्षकाला रात्री अकरा वाजता फोन करायचा असतो तेव्हा त्याला एवढंच हवं असतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने अशी नोंदवही ठेवावी आणि दुभाष्याची पात्रता मान्यताप्राप्त संस्थेची असावी, हे पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत लिहिलेलं आहे. त्यांचा मोबदला कोणत्या निधीतून द्यायचा, तेही.